सेव्ह होत नाही

फाईल सेव्ह होत नाही.
सत्तर टक्क्यांपर्यंत पट्टी जाते, थांबते,
मग पडदा पांढरा पडतो, आजारी माणसाच्या नखासारखा,
आणि एक चौकट उगवते:
घातक चूक. प्रोग्राम बंद होत आहे.
घातक कुणाला, चूक कुणाची,
तेवढं मात्र सांगत नाही.

आई बिड्या वळायची तेव्हा
कारखान्यातला चेकर असाच मूठभर छाट काढून
बाजूला फेकायचा.
का, ते विचारायचं नसे.

दुपारचे तीन. अक्कलकोट रोड, एमआयडीसी.
पत्र्याखाली त्रेचाळीस अंश,
कूलरमधलं पाणी संपून नुसता आवाज उरलाय.
उद्या सकाळी ठेकेदाराला टॉवेल कारखान्याचा नकाशा हवा:
आठ नवे माग, त्यांचे पाये, रंगाच्या पाण्याची गटारं.
बसवराज साहेब दर दहा मिनिटांनी काचेतून डोकावतात.
"झालं का गं, भाग्या?"
"होतंय की, साहेब."

नाव बदलून पाहिलं.
सर्व्हरवर नको, डेस्कटॉपवर.
डेस्कटॉपवर नको, पेनड्राइव्हवर.
टेम्प फोल्डर रिकामा केला. तीन वर्षांचा केर,
त्यात एक लग्नपत्रिकेचा नमुना निघाला, न झालेल्या लग्नाचा.
तो पुसायला बटण एकदाच दाबावं लागलं.
अँटिव्हायरस झोपवला. प्रिंटर सोडवला.
पर्ज. ऑडिट. अकरा चुका सापडल्या, अकराही दुरुस्त.
बारावी सापडली नाही, तिनंच पडदा पांढरा केला.
"जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह कर," इरफान म्हणाला,
पुण्यातल्या गार ऑफिसातून.
केलं.
कोसळलं.

शेवटी निवडायला बसले, तांदूळ निवडतात तसं.
उत्तरेचा अर्धा पुसला: सेव्ह झाला.
परत आणला, दक्षिणेचा पुसला: कोसळला.
म्हणजे खडा उत्तरेला.
अर्ध्याचा अर्धा. त्याचाही अर्धा.
बॉयलर निर्दोष. संडास निर्दोष.
जिना, ट्रान्सफॉर्मर, वॉचमनची खोली, सगळे सुटले.
साडेपाचला उरली एक ओळ,
सातव्या मागाच्या पायाशेजारी,
अशा फॉन्टात, जो आता कुठल्याच मशीनवर नाही:
चौकोन, प्रश्नचिन्ह, चौकोन, चौकोन, उलटा स्वल्पविराम.

डिलीट.
सेव्ह.
पट्टी सरळ शंभरावर गेली,
जशी कधी अडलीच नव्हती.
साहेबांनी चहा सांगितला, आलं घालून.

तेव्हाच उठायला हवं होतं.
पण नकाशाच्या कोपऱ्यात होतं: रा. ग., २००४.
राजेशम गड्डम. हातानं काढलेले नकाशे
एकेक रेघ करत संगणकावर चढवणारे.
आता घरीच असतात, एका डोळ्यात मोतीबिंदू.
फोन उचलला, मागे टीव्हीवर तेलुगू मालिका.
"मास्तर, सातव्या मागाजवळ काय लिहिलं होतं तुम्ही?"

मालिकेचा आवाज बारीक झाला.
"हीर हाय तिथं. बुजवल्याली.
भरताना मी उभारून बघितलोय,
राख, गिट्टी, फाटक्या चादरी, काय बी टाकले.
वर पाया घालू नका म्हणून लिहिलो होतो.
लाल रंगात लिहिलो होतो की."
"खोल किती?"
"ते कोण मोजलंय?"

चहावर साय धरली होती.
फाईल पुन्हा उघडली.
सातव्या मागाखाली वर्तुळ काढलं, लाल,
आणि साध्या, सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांत लिहिलं:
विहीर. बुजवलेली. खोली माहीत नाही.

काचेआडून साहेब उठून आले.
"आता काय करायलीस? झालं होतं ना?"
मी बटण दाबून ठेवलं होतं.
पट्टी निघाली.
साठ.
सत्तर.